दगडी तालीवरची माशी : प्रकल्प नोंदी

२ जुलै २०२३, रविवार

मावशीकडं गगनबावडा तालुक्यात आलेय, आणि यायचं कारण खरं म्हणजे फणस होता, पण झालं भलतंच. घरामागं भाताच्या खाचरांना जांभ्या दगडाची जुनी ताल आहे (ताल म्हणजे बांधाची भिंत, कोल्हापूरकरांनी लगेच तालीम समजून शड्डू ठोकू नये) आणि पावसात ती अख्खी हिरवी होते. शेवाळ म्हणून आपण सगळंच एका पोत्यात घालतो, पण त्यात चपट्या, दोन-दोन फाटे फुटणाऱ्या, रबरासारख्या हिरव्या पट्ट्या असतात, कडा जांभळट काळ्या, त्या लिव्हरवर्ट. मराठीत यकृतका म्हणतात, पण असं बोलताना कुणी म्हणत नाही, मी पण नाही.

तर त्या पट्ट्यांपैकी काहींच्या मधोमध फिकट, पाण्याचा फुगा आल्यासारखे डाग होते. पहिल्यांदा वाटलं बुरशी. मग मोबाईलला ती पंचवीस रुपयाची चिकटवायची लेन्स लावून उजेडाकडं धरून बघितलं तर आत काहीतरी हललं. काळा एक ठिपका, पुढं मागं, पुढं मागं, म्हणजे तोंडाचा आकडा. अळी! लिव्हरवर्टच्या आत अळी!

काका मागं उभे. "आगं, शेवाळात सोनं सापडलंय व्हय?" म्हटलं काका, नागअळी आहे. टोमॅटोवरची नागअळी त्यांना चांगलीच माहितीय, पानावर पांढऱ्या नागमोडी रेघा पडतात ती. ते म्हणाले मग फवारणी करायची का. नको नको म्हटलं, हात सुद्धा लावू नका.

९ जुलै २०२३

परत गेले, एसटीनं, डबे घेऊन. डाग असलेल्या चाळीसेक पट्ट्या मातीसकट खरवडून आणल्या. श्रीखंडाचे रिकामे डबे, तळाला ओला टिश्यू, झाकणाला सुईनं भोकं. घरी खोलीत ठेवलेत. आई म्हणते वास येतोय. येतोय थोडा, मातीचा आणि काहीतरी तिखटसर.

तो तिखट वासच खरा मुद्दा आहे म्हणून इथं लिहून ठेवते. लिव्हरवर्टच्या पेशींमध्ये तेलाचे थेंब साठवलेले असतात, ऑइल बॉडी म्हणतात, बाकी कुठल्या वनस्पतीत हा प्रकार नाही. त्यात कडवट उग्र रसायनं असतात आणि त्यामुळं किडे यांच्या वाटेला फारसे जात नाहीत. जमिनीवर आलेल्या अगदी पहिल्या झाडांच्या नात्यातली ही मंडळी, कोट्यवधी वर्षं झाली, आणि तरी त्यांना खाणारे किडे मोजकेच. म्हणून आतनं पोखरणारी माशी सापडली की विषय गंभीर.

१७ जुलै २०२३

पहिला डबा फळला. झाकणाखाली मिलिमीटरभर काळं हिरवं चमकणारं काहीतरी उडतंय. इतका आनंद झाला की चहा सांडला. मायक्रोस्कोपखाली धरलं तर माशी नाहीच. चार पंख. गांधीलमाशीच्या खानदानातला परजीवी, पायाच्या शेवटच्या भागाला चारच पेरं, म्हणजे युलोफिडी कुळ. याच्या आईनं माझ्या अळीत अंडं घातलं होतं आणि यानं माझी माशी आतनं खाऊन टाकली.

मी अळीवर लक्ष ठेवून, हा अळीच्या आत बसून. काय बोलणार.

२३ जुलै २०२३

आजपर्यंतचा हिशोब: परजीवी सात, बुरशीनं मेलेले कोष पाच, आणि माश्या तीन. माश्या!! पिवळट करडी, पाठीवर राखाडी झाक, डोळे लालसर तपकिरी, पंख जेमतेम पावणेदोन मिलिमीटर. काचेच्या बाटलीत सोडली तर कणभर धूळ चालतेय असं वाटतं.

एक चूक नोंदवून ठेवते, पुढच्या वेळी मीच वाचीन. पहिली माशी बाहेर आल्या आल्या उत्साहात मारली. बाहेर आलेली माशी कच्ची असते, अंगाची सालटी घट्ट व्हायला आणि रंग चढायला दिवसभर लागतो. ती वाळल्यावर मनुक्यासारखी झाली. डोकं आत, पोट गोळा. बाकीच्या दोघींना कापसावर साखरपाणी देऊन चोवीस तास जगवलं मग फ्रीजरमध्ये. त्या छान राहिल्या.

तिन्ही माद्या. पोटाच्या टोकाला काळी चकचकीत नळी, अंडी घालायची. पान पोखरणाऱ्या माश्यांच्या कुळातल्या माद्या त्याच नळीनं पानाला भोक पाडतात आणि वळून भोकातला रस पितात, नराकडं ती नळी नाही म्हणून तो मादीनं पाडलेल्या भोकांवर जगतो. घरोघरी तेच.

१३ ऑगस्ट २०२३

कॉलेजचा मायक्रोस्कोप मिळवायला दोन आठवडे गेले. मी सीएचबीवर, तासाचे पैसे मिळतात तेवढंच, त्यामुळं लॅबची किल्ली मागताना उगाच कानकोंडं व्हायला होतं. लेन्सच्या कडेला बुरशी चढलेली आहे, मधल्या भागातनं बघायचं.

कुळ अ‍ॅग्रोमायझिडी, म्हणजे पान पोखरणाऱ्या माश्यांचं, यात शंका नाही. पंखाच्या पुढच्या कडेच्या शिरेला एक तुटकी जागा, तिच्या शेजारी येऊन संपणारी अर्धवट शीर, पुसट घडीसारखी, म्हणजे उपकुळ फायटोमायझिनी. आता टोमॅटोवाली नागअळी असते लिरिओमायझा, आणि माझी पण पहिल्या नजरेला तशीच दिसते. फरक केसात. डोळ्याच्या कडेनं कपाळावर बारीक केसांची एक ओळ असते, लिरिओमायझात ते केस मागं झुकलेले, आणि माझ्या माशीत सरळ उभे, दोन तर चक्क पुढं झुकलेले. चार तास मान मोडून बघितलं एवढ्यासाठी. उत्तर: फायटोलिरिओमायझा.

आणि मग रात्री वाचत बसले तर या जिनसमधल्या (जिनस म्हणजे जवळच्या प्रजातींचा गट) काही माश्या लिव्हरवर्टच पोखरतात हे जगात माहिती आहे. युरोपात एक रिक्सिया नावाच्या लिव्हरवर्टमधनं मिळालेली, १९४५ साली नाव दिलेली. जपानमध्ये तर काटो आणि इमादा या लोकांनी अलीकडं पार खोदकाम केलंय, कितीतरी नव्या प्रजाती, प्रत्येकीची लिव्हरवर्ट जवळजवळ ठरलेली. त्यांनीच २०१६ ला आणखी एका वेगळ्याच कुळातल्या, लिटोलेप्टिस नावाच्या माश्या लिव्हरवर्टमधनं काढल्या. म्हणजे लिव्हरवर्ट पोखरायची कला माश्यांच्या किमान दोन घराण्यांनी आपापली शोधून काढली, एकमेकांना न विचारता. भारतातल्या अ‍ॅग्रोमायझिडीवर सिंग आणि इपे यांचं आग्र्याचं १९७३ चं काम आहे, ते झेरॉक्स मिळालं. त्यातल्या कुणाशी माझी माशी जुळत नाही.

जुळत नाही म्हणजे नवीन, असं मात्र नाही. हे आमचे रिटायर झालेले सर लगेच म्हणतील, म्हणून मीच आधी लिहून ठेवलं.

१० सप्टेंबर २०२३

लिव्हरवर्टचं नाव लागलं. बॉटनीच्या मॅडमकडं नमुना नेला, त्यांनी एक बारीक काप घेतला, स्लाईड केली, आणि मला बोलावून दाखवलं. वरच्या बाजूला हवेच्या खोल्या, एकावर एक, प्रत्येकीला वर छिद्र, खाली घट्ट साठवणीचा भाग, आणि पोटाकडं जांभळ्या खवल्यांची ओळ. "प्लॅजिओकाझ्मा," म्हणाल्या, "मादीची छत्री बघ टोकाला नाही, पट्टीच्या पाठीवरच आहे." (छत्री म्हणजे लिव्हरवर्टचा छत्रीसारखा वर येणारा मादी भाग.) मग पोखरलेल्या पट्टीचा काप घेतला. ते चित्र डोक्यातनं जात नाही: वरचा पारदर्शक पापुद्रा जसाच्या तसा, छिद्रं सुद्धा शाबूत, आणि खाली सगळ्या खोल्यांच्या भिंती गायब, एकच लांब हॉल. छप्पर ठेवून वाडा आतनं रिकामा केलाय.

टोमॅटोच्या पानात नागअळी कुशीवर झोपून खाते आणि मधेच कूस बदलते, म्हणून विष्ठेची काळी रेघ कधी बोगद्याच्या डाव्या कडेनं कधी उजव्या. माझ्या अळीची विष्ठा ओळीत नाहीच, हिरवे दाणे इकडं तिकडं पडलेत. जागा रुंद आहे, कुशी बदलायचं कारण नसेल.

मॅडमनी जाता जाता प्रश्न टाकला. "ही लिव्हरवर्ट आठ महिने वाळून गुंडाळी होऊन बसते गं, तुझी माशी तेव्हा कुठं जाते?"

खरंच की.

१५ ऑक्टोबर २०२३

सरांकडं गेले, सगळे फोटो, दोन टाचण्यांवरच्या माद्या, स्लाईडी. सर रिटायर झालेत पण घरच्या गच्चीवर त्यांची लॅब अजून चालू आहे, एका बाजूला लोणच्याच्या बरण्या आणि एका बाजूला टाचण्या. एक तास बघत बसले, शब्द नाही. मग चष्मा काढून म्हणाले, "छान आहे. नर कुठाय?"

नर नाही सर.

"मग काही नाही."

रागच आला, पण बरोबर आहे त्यांचं. या माश्या बाहेरनं बहिणी-बहिणी दिसतात, प्रजाती वेगळी ठरते ती नराच्या जननांगावरनं, त्या आतल्या काळ्या चिमुकल्या सांगाड्याच्या आकारावरनं. मादीवर नाव दिलं तर उद्या कुणीतरी शेजारच्या डोंगरातनं नर काढेल आणि तो माझ्या मादीचा नवरा की दुसऱ्याच कुणाचा हे जन्मभर कळायचं नाही. कागदावर एक भूत जन्माला घालून ठेवायचं. स्पेन्सर सारख्या माणसानं सगळं आयुष्य या एका कुळावर घालवलं ते हीच जननांगं काढण्यात.

पाऊस संपलाय. पट्ट्या वाळायला लागल्यात. वर्ष गेलं.

३ डिसेंबर २०२३

मावशीकडं. ताल काळी पडलीय. लिव्हरवर्टच्या पट्ट्या दोन्ही कडांनी आत वळून दोरीसारख्या झाल्यात, जांभळे खवले बाहेर, हिरवं आत झाकलेलं. मेलेल्या दिसतात, नसतात. पाणी टाकलं की तासाभरात उघडतात.

मॅडमचा प्रश्न डोक्यात होता म्हणून अशा वाळलेल्या पट्ट्या भरपूर खरवडल्या आणि काहीच हाताशी नव्हतं म्हणून काकांच्या नव्या चपलांच्या बॉक्समध्ये भरल्या. मावशी म्हणाली, "पोरी, शेणी घेऊन जा म्हटलं तर लाजतीस, आणि हे नेतीस." चार पट्ट्या तिथंच ओल्या करून फोडल्या. एकीत मधल्या शिरेला लागून तपकिरी, तांदळाच्या कणीएवढा कोष. रिकामा नाही, जड. जिवंत आहे की नाही ते कसं कळणार.

बॉक्स घरी कपाटावर ठेवला. कोरडाच ठेवायचा ठरवलं. तालीवर जे होतं तेच.

९ एप्रिल २०२४

गुढीपाडवा. साफसफाईत आईनं बॉक्स कचऱ्याच्या गाडीत टाकायला खाली नेला होता. घंटागाडीचं गाणं ऐकून मी खिडकीतनं बघितलं, आणि ती चपलांची खोकी ओळखीची वाटली. अनवाणी पळाले. गाडीवाला म्हणतो, "ताई, चपला होत्या व्हय त्यात?" आई तीन दिवस म्हणत होती की वाळकी घाण कपाटावर ठेवतात का, आणि तिचं बरोबर आहे, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

८ जून २०२४

काल मृग लागला. आज बॉक्समधल्या पट्ट्या काढल्या, सहा महिने पाण्याचा थेंब नाही. तीन डब्यात वाटल्या आणि गार उकळलेलं पाणी शिंपडलं. वीस मिनिटांत कडा हलायला लागल्या. एक पट्टी माझ्यासमोर उलगडली, आधी टोक, मग मधला भाग, काळ्याची हिरवी झाली. मोबाईलवर टाईमलॅप्स लावला होता, स्टोरेज फुल्ल म्हणून बंद पडला, जाऊ दे.

१९ जून २०२४, रात्री १ वाजता

नर.

नर नर नर. दोन नंबरच्या डब्यात, झाकणाच्या आत, उलटा. पोटाचं टोक गोल, खाली वळलेलं, नळी नाही. अकराव्या दिवशी. कोषात सहा महिने कोरडा बसून होता तर हा, कपाटावर, चपलांच्या बॉक्समध्ये, आईनं कचऱ्यात टाकलेला नर. मॅडमचं उत्तर आणि सरांचं उत्तर एकाच डब्यात निघालं.

आईला उठवलं. तिनं बघितलं, म्हणाली "एवढीशी?" आणि परत झोपली.

३० जून २०२४

एकूण नर चार, माद्या सहा, परजीवी फक्त एक. वाळलेल्या पट्ट्यांत परजीवी कमी का हा वेगळाच विषय, त्यात आत्ता शिरत नाही.

जननांग काढायचं काम कसं चालतं ते एकदा नीट लिहिते कारण पहिल्या नराची मी वाट लावली. पोटाचा शेवटचा अर्धा भाग बारीक चिमट्यानं तोडायचा. दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाकायचा, ते मांस विरघळवतं, कडक काळं तेवढं ठेवतं. पाणी गरम करून त्यात ती छोटी बाटली उभी करायची आणि लक्ष ठेवायचं. लक्ष ठेवायचं! मी फोन घ्यायला गेले, मैत्रिणीचं लग्न ठरलं होतं, बोलणं लांबलं, परत आले तर सगळं काचेसारखं पारदर्शक, आकार दिसतो पण कडा कुठं सुरू होते कुठं संपते काही कळत नाही. चारातला एक गेला. लग्नाला आहेर म्हणून तोच समजायचा.

दुसरा व्यवस्थित झाला. पाण्यात धुवायचा, ॲसिटिक ॲसिडचा एक थेंब, मग ग्लिसरीनमध्ये. आणि तिथं सुईच्या टोकानं वळवून वळवून बघायचं, श्वास रोखून, कारण खालून सायकलची बेल वाजली तरी टेबल थरथरतं. टोकाचा भाग दोन नळ्यांचा, तुतारीसारखा बाहेर वळलेला, आणि मागचं जे पंख्यासारखं पातं असतं, वीर्य ढकलायचं, ते एका बाजूला कललेलं. जपानच्या चित्रांशी जवळचं, पण कुठल्याच एकाशी तेच नाही. शिवाय लिरिओमायझाच्या नराच्या पोटाच्या बाजूला किसणीसारखी पट्टी असते, मागच्या मांडीनं घासून आवाज करायची, ती इथं नाही. म्हणजे जिनसचं पण पक्कं झालं.

सरांना फोटो पाठवला. उत्तर: "आता बोल." दोनच शब्द. त्यांच्याकडनं हे लय झालं.

२६ जुलै २०२४

पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडलीय, गगनबावड्याचा रस्ता मांडुकलीजवळ पाण्याखाली, मावशीकडं जायचा प्रश्नच नाही. आमच्या गल्लीत लाईट येतेय जातेय. नमुने सगळे वरच्या मजल्यावर शेजारच्या काकूंकडं नेऊन ठेवले, त्यांच्या देवघराच्या शेजारी, कारण तीच एक कोरडी जागा. त्यांनी हळद-कुंकू लावू का विचारलं. थर्माकोलला लावा म्हटलं, माशीला नको.

दमट हवेत टाचणीवरच्या नमुन्याला बुरशी लागायला दोन दिवस पुरतात. तांदूळ भाजून गरम गरम डब्यात ठेवायची युक्ती काकूंचीच. चालली.

१८ ऑगस्ट २०२४

डीएनएसाठी एका नराचे उजवीकडचे तीन पाय काढून अल्कोहोलमध्ये. सीओआय नावाच्या जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा वाचून घ्यायचा, प्राण्यांच्या बारकोडसाठी सगळीकडं तोच वापरतात. कुरिअरवाले अल्कोहोल आहे म्हटल्यावर घेईनात, दुसऱ्यांनी घेतलं आणि पार्सल नऊ दिवस कुठल्या गोदामात फिरत होतं देव जाणे. पोचलं तेव्हा बाटली कोरडी. लॅबवाली मुलगी फोनवर म्हणाली, "मॅडम, यात पाय आहेत का नक्की?" आहेत गं, नीट बघ, पापणीच्या केसाएवढे. आश्चर्य म्हणजे वाचता आलं. उपलब्ध असलेल्या कुठल्याच नावाच्या माशीशी जवळचं जुळत नाही. यावर एकट्यावर नवीन प्रजाती म्हणता येत नाही, पण आकारानं जे सांगितलं त्याच्या विरोधात तरी काही नाही.

१० नोव्हेंबर २०२४

दिवाळीचं उरलेलं फराळ घेऊन मावशीकडं. दोन गोष्टी झाल्या.

एक, नाव. बाईच्या नावावरनं ठेवलं तर शेवटी एई लागतं, पुरुषाच्या नावाला आय, नियम आहे. मनात होतं की मावशीचंच लावावं, तिची ताल, तिचा चहा. विचारलं. मावशी हसून लाल. "माशीला माझं नाव? म्हशीला तरी लाव बाई." काका म्हणाले मावशी, माशी, म्हशी, एकाच घरात कुणाला हाक मारली कसं कळायचं. शेवटी दुसरं ठरवलं. ते इथं लिहीत नाही, मुद्दामच. पेपर छापायच्या आधी नाव कुठंतरी बाहेर पडलं की ते वर्णन नसलेलं रिकामं नाव म्हणून फिरत राहतं, आणि पुढं सगळ्यांना निस्तरायला लागतं. ऑनलाईन जर्नलमध्ये छापलेलं २०१२ पासून चालतं, फक्त आधी झूबँकवर (प्राण्यांच्या नावांची ऑनलाईन नोंदवही) नोंद करून तो नंबर पेपरात छापायला लागतो. तोपर्यंत माझ्या वहीत तिचं नाव टिल्लू.

दोन, काकांनी सिमेंटची पोती आणून ठेवलीत. ताल पुरात दोन ठिकाणी ढासळली, ती बांधून वरनं सगळ्याला गिलावा मारायचा बेत. माझ्या पोटात गोळा. जिथनं पहिला नमुना मिळाला ती जागा पेपरात लिहिली जाते, अक्षांश रेखांश सकट, आणि शंभर वर्षांनी कुणी शोधत आलं तर त्याला तिथं गिलावा दिसणार? पण काकांना काय सांगणार, भात त्यांचा वाहून जातोय, माझी माशी नाही. खूप वेळ कुणीच काही बोललं नाही. मग काका स्वतःच उठले, टेप घेऊन आले. "किती पायजे?" म्हटलं दहा फूट. "सहा." आठावर मिटलं. सावलीकडची बाजू, जिथं ओल जास्त टिकते, तिथं नुसते दगड परत रचायचे.

१२ जानेवारी २०२५

पुण्याला जाऊन आले, आकुर्डीला झेडएसआयचं, म्हणजे भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं, पश्चिम विभागाचं केंद्र आहे तिथं. जैवविविधता कायदा २००२ चा, त्यात नव्या प्रजातीचे नमुने ठरवून दिलेल्या संस्थेत जमा करायचे असं आहे, प्राण्यांसाठी ती झेडएसआय. म्हणजे होलोटाइप, ज्या एका नमुन्यावर नाव टांगलेलं राहणार तो, माझ्या घरी लोणच्याशेजारी राहणार नाही. बरंच आहे.

एसटीनं गेले नाही. टाचणीला माशी गोंदाच्या एका ठिपक्यावर उभी असते, खड्ड्यात डोकं गळून पडलं तर संपलं. रेल्वेनं गेले, डबा मांडीवर, पुण्यापर्यंत एकदाही वर ठेवला नाही. समोरच्या आजींनी विचारलं मिठाई आहे का. म्हटलं नाही आजी, माशी आहे. त्यांनी पाय आखडून घेतले.

लेबल लावताना हात कापत होता. लाल कागद, होलोटाइप, नर, तारीख १९ जून २०२४. तिथल्या माणसानं रजिस्टरमध्ये नंबर टाकला, बाकीच्या शंभर नंबरांसारखाच. मग चहा प्यायला गेलो.

२३ मार्च २०२५

पेपर परत आला. दोन परीक्षक. एकानं सगळं गोड लिहिलंय आणि चित्राखालच्या मोजपट्टीची मापं दुरुस्त करायला सांगितलीत. दुसऱ्यानं विचारलंय, अळीच्या मागच्या श्वासछिद्रांवर किती बोंड्या आहेत. या कुळातल्या अळ्यांच्या मागच्या टोकाला दोन छोटे खांब असतात, प्रत्येकावर श्वास घ्यायच्या बारीक बोंड्या, आणि त्यांची संख्या वेगवेगळ्या प्रजातींत वेगळी असू शकते. माझ्याकडं अळ्या होत्या. होत्या. अल्कोहोल उडून गेलेल्या दुसऱ्याच एका बाटलीत, आता काळ्या तारा झाल्यात. मार्चमध्ये अळी आणायची कुठनं?

संपादकांना लिहिलं, पावसापर्यंत मुदत द्या. दिली. बाहेरच्या देशातल्या माणसाला मृग नक्षत्र कसं समजवायचं म्हणून नुसतं जून लिहिलं.

१ जून २०२५

पावसानं माझं कॅलेंडर फाडून टाकलं. मे संपायच्या आधीच मान्सून येऊन धडकला. कपाटावरचा या वर्षीचा बॉक्स कोरडा, आणि तालीवरच्या माश्या कधीच्या उठून उडून गेल्या असणार. मावशीचा फोन: "तुझी आठ फूट हिरवीगार झालीत बघ. काका कोंबड्यास्नी तिकडं जाऊ देत न्हाईत."

१५ जून २०२५

आठ फुटात डाग मोजले, एकतीस. गिलाव्याच्या भागावर अर्थातच शून्य, पण तिथल्या भेगांमध्ये लिव्हरवर्टची बारीक टोकं यायला लागलीत, एवढ्या लवकर.

घरी येऊन तीन मोठ्या अळ्या काढल्या. गरम पाण्यात एक सेकंद, म्हणजे सरळ होतात, मग अल्कोहोल, मग स्लाईड. मागचे दोन खांब जवळजवळ उभे. मोठ्या भिंगाखाली फोकस वर खाली करत बोंड्या मोजल्या: तीन. दुसऱ्या अळीत तीन. तिसऱ्यात डावीकडं तीन आणि उजवीकडं चौथ्यासारखं काहीतरी, अर्धा तास बघितलं, शेवटी कळलं मातीचा कण आहे. धुवून परत बघितलं. तीन.

चित्र काढायला रात्रीचे दोन वाजले. पेन्सिल, मग ट्रेसिंग, मग शाई, आणि शाईचा एक ठिपका नको तिथं पडला तो ब्लेडनं खरवडला.

२२ जून २०२५

सुधारलेला पेपर पाठवला. ओल्या पट्ट्यांपैकी ज्या उघडल्या नव्हत्या त्या तालीवर नेऊन परत दगडात बसवल्या, काका वरनं बघत होते, म्हणाले तो कोपरा नको, तिथं म्हैस पाठ घासती.

डिसेंबरसाठी नवा बॉक्स शोधत होते तर आईनं आधीच एक काढून कपाटावर ठेवलाय. झाकणावर लाल स्केचपेननं, मोठ्या अक्षरात: टाकू नये. माशी आहे.